लाकडाकडून मोटरकडे

लाकूड कापणारा संगणकी राऊटर बांधायला घेणारा माणूस हमखास विचारतो, मोटर किती ताकदीची घेऊ? मी विचारतो, कापणार काय? मालवणात त्याचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. चतुर्थीआधी मखराची जाळी, घरावरच्या नावाची फणसाची पाटी, कधी आंब्याची फळी, कधी सावंतवाडीच्या खेळण्यांत वापरतात तो मऊ पांगारा. लाकूड वेग ठरवतं, वेग स्क्रूचे फेरे ठरवतो, आणि मोटरची पाळी त्यानंतर येते.

जून फणसात ६ मिलिमीटरचं बिट मी मिनिटाला १५०० मिलिमीटरने चालवतो, मोकळी धाव ३०००. बॉलस्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवतो, म्हणजे मिनिटाला ३०० आणि ६०० फेरे झाले. आता ताकद बघा. १ न्यूटन-मीटरचा जोर असल्या स्क्रूवर पडला की गाडा शंभर किलोहून जास्त जोराने ढकलला जातो. लाकूड कापायला त्यातला थोडा हिस्सा पुरे. तरी लोक ३ न्यूटन-मीटरची जडशीळ मोटर घरी आणतात, कारण लेबलवरचा आकडा मोठा दिसतो. पण तो आकडा थांबलेल्या मोटरचा असतो. फिरायला लागली की ताकद उतरत जाते. ती किती उतरेल, हे मोटरला करंट पुरवणारा ड्रायव्हर आणि व्होल्टेज यांच्या हातात.

राऊटरची मोटर पायरीपायरीने फिरणारी, म्हणजे स्टेपर; बहुतेक स्टेपरच्या एका फेऱ्यात २०० पायऱ्या असतात. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला २००० पायऱ्या, म्हणजे एका पायरीला अर्धा मिलिसेकंद. ४ मिलिहेन्रीच्या वाइंडिंगला २४ व्होल्ट दिले, तर करंट ३ अँपिअरपर्यंत चढायलाच तेवढा वेळ लागतो. फिरत्या मोटरचा स्वतःचा उलटा व्होल्टेज यात धरलेलाही नाही. करंट पुरता चढायच्या आत पुढची पायरी दारात उभी. वळसे दुप्पट केले की इंडक्टन्स चौपट होतो, म्हणून जास्त वळशांची दांडगी मोटर कमी व्होल्टेजवर वेगात लहान मोटरपेक्षाही दुबळी पडू शकते. मी ५७ मिलिमीटर तोंडाची, दुकानात जिला नेमा २३ म्हणतात ती, साधारण २.५ मिलिहेन्रीची मोटर घेतो आणि ३६ व्होल्ट देतो. मग ३ अँपिअरला जेमतेम ०.२ मिलिसेकंद लागतो. एवढ्या फरकाने मोटर जिवंत होते!

डीएम५४२ ड्रायव्हर ५० व्होल्टपर्यंत चालतो, पण मी ३६ वर थांबतो. जड गाडा एकदम थांबताना मोटर जनित्रासारखी वागते आणि सप्लायचा व्होल्टेज वर ढकलते, तेव्हा वर जागा शिल्लक हवी. आणि करंटचा आकडा शिखराचा लिहिलाय की आरएमएस, हे मोटरच्या व ड्रायव्हरच्या कागदावर नीट पाहावं. दोन्हींत १.४ पटीचा फरक असतो. चालू सप्लायवर मोटरची वायर मात्र कधीही काढू नये, ड्रायव्हर तत्क्षणी जाऊ शकतो.

मायक्रोस्टेपचा, म्हणजे एका पायरीचे बारीक भाग पाडण्याचा, मोह फार. सोळाव्या भागाच्या एका मायक्रोस्टेपला मोटरच्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. चाल गुळगुळीत होते, अचूकता तेवढी वाढत नाही. मला आठवा भाग पुरतो.

मला खरी धास्ती हुकलेल्या पायरीची. साध्या स्टेपरला आपण कुठे आहोत हे कळत नाही. कंट्रोलर फक्त पाठवलेले पल्स मोजतो. एखादी गाठ लागून गाडा अडला, तर उरलेली सगळी जाळी सरकून कापली जाते आणि यंत्र शांतपणे काम पुरं करतं. महिनोन्‌महिने सुकवलेली फळी अशी जाणं मला सहन होत नाही. म्हणून कामाच्या वेगाला मिळणाऱ्या ताकदीपैकी निम्मीच मी वापरायला धरतो.

बाकी खारी हवा. सप्लायचा पंखा ती आत ओढतो आणि लाकडाच्या भुशाशी तिचा चिकट थर बसतो. ड्रायव्हर बंद पेटीत, पेटीच्या तोंडाला जाळी, वायरीच्या टोकांना फेरूल, एवढं करावंच.

उभ्या अक्षाचा विचार मी वेगळा करतो. आषाढात वीज केव्हाही जाते, आणि मोटर सुटली की बॉलस्क्रूवरून स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली घसरून फळीत रुतू शकतो. तिथे मी एका फेऱ्याला २ मिलिमीटरचा ट्रॅपेझॉइडल स्क्रू बसवतो. तो वजनाने उलटा फिरत नाही. वेग कमी मिळतो, पण खालीवर करायला मिनिटाला ४०० मिलिमीटरही पुष्कळ होतात.