उणे ३१ आणि चाकांवरचा संसार

आरव्ही म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मावळतीचा सूर्य, समोर समुद्र, गाडीच्या पायरीवर बसलेलं एक जोडपं आणि हातात कॉफीचे मग. इन्स्टाग्रामवर असे ढीगभर फोटो सापडतील. त्या फोटोंत एक गोष्ट मात्र कधीच दिसत नाही. जानेवारी!

मी मूळची डोंबिवलीची, नवरा नाशिकचा. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुक्काम अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात. २०२२ च्या उन्हाळ्यात फ्लॅटचं भाडं पुन्हा वाढलं. कामं तशीही लॅपटॉपवरच चालली होती. मग म्हटलं, भाडं भरायचं ते दुसऱ्याच्या भिंतींचं कशाला? एक सेकंडहँड ट्रेलर घेतला. २८ फूट लांब, ८ फूट रुंद. म्हणजे सव्वादोनशे स्क्वेअर फुटांच्याही आत. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सहा माणसांचे संसार ज्यांनी पाहिलेत, त्यांच्यासाठी हा महालच!

ट्रेलर लावला गोल्डन नावाच्या गावात. डेन्व्हरपासून अर्ध्या तासावर, रॉकी पर्वताच्या अगदी पायथ्याशी. गावातून क्लिअर क्रीक खळाळत जाते. बाजूला लाव्हाच्या थरांनी माथा सपाट झालेले दोन डोंगर आहेत, नॉर्थ आणि साउथ टेबल माउंटन. पाचगणी आठवणारच! उंची साधारण १७०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जास्त. इथे पाणी ९५ अंशांच्या आतच उकळायला लागतं. त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजायचं नाव घेत नाही. बाकी सगळं झकास. पण ऑक्टोबर संपता संपता पार्कमधले अनुभवी शेजारी एकच प्रश्न विचारायला लागले, ‘पाण्याचं काय केलंत?’

सगळा फंडा पाण्याचा

मला वाटलं होतं, थंडीत प्रश्न आपल्याला ऊब मिळण्याचा असेल. तसं नसतं. माणूस दोन स्वेटर, टोपी, रजई घेऊन निभावतो. पाणी बिचारं काय पांघरणार?

आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक सिंक आणि बाथरूमच्या सांडपाण्याची, तिसरी टॉयलेटची. त्या सगळ्यांचे पाइप जमिनीखालून नाही, तर जमिनीच्या वरून, उघड्या हवेतून जातात. भिंती जेमतेम दोन इंच. खालून वारा सुटला की संपलं. म्हणून पहिलं काम स्कर्टिंगचं. म्हणजे ट्रेलरला चक्क घाघरा घालायचा! आम्ही फोमचे जाड बोर्ड आणून कापले आणि ट्रेलरच्या कडेपासून जमिनीपर्यंत चारी बाजूंनी बसवले. कोणी गवताचे भारे रचतं, कोणी जाड विनाइल लावतं. उद्देश एकच, पोटाखालची हवा अडवायची.

दुसरी गंमत फर्नेसची. ही गॅसवर चालते आणि गरम हवा आत सोडते. बऱ्याच ट्रेलरमध्ये त्यातली थोडी हवा खाली टाक्यांकडेही जाते. आता गॅस वाचवायला कोणी आत विजेचा हीटर लावला, तर काय होईल? खोली मस्त गरम, थर्मोस्टॅट खूश, फर्नेस गप्प. आणि पायाखाली पाइपांचा बर्फ! म्हणजे जितकं आत आरामशीर, तितकं खाली संकट.

टॉयलेटच्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा आणि टाकी भरत आली की एकदम रिकामी करायची. तो उघडा ठेवला तर बाहेरच्या नळीत काय गोठतं, ते तुम्ही जेवताना वाचत असाल म्हणून सांगत नाही.

आणि नळाचं पाणी? कडाक्याच्या थंडीत बाहेरचा पाइप जोडून ठेवायचाच नाही. तीन-चार दिवसांनी दुपारी, ऊन असताना, तो जोडायचा, दीडशे लिटरची टाकी भरायची, पाइपातलं पाणी काढून टाकायचं आणि तो गुंडाळून आत आणायचा. हे फोनवर ऐकून आई खो-खो हसली. ‘अगं, म्हणजे तू पाणीच भरतेयस! त्यासाठी अमेरिकेला कशाला गेलीस? आणि वर एक बालदी भरून ठेवत जा, कधी काय होईल सांगता येत नाही.’ मी त्या दिवसापासून दोन बालद्या भरून ठेवायला लागले.

कुकरची शिट्टी आणि भिंतीवरचे थेंब

थंडीत दुसरा शत्रू म्हणजे ओल. दोन माणसांचा श्वास, आंघोळ, भाताची वाफ, हे सगळं सव्वादोनशे स्क्वेअर फुटांत कोंडतं आणि थंड काचेवर जाऊन पाणी होतं. गॅसच्या शेगडीचीही यात भर असते. एक किलो प्रोपेन जळला की दीड लिटरपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं! गादी उचलून बघितली तर खालची फळी ओली. म्हणून बाहेर हिमवर्षाव चाललेला असतानाही छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवावी लागते. वेडेपणा वाटतो, पण बुरशीपेक्षा बरा. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचला तर वासही येत नाही. त्याचा अलार्म चालू आहे का, ते आम्ही दर रविवारी तपासायचो. घरी आई तुळशीला पाणी घालते तसं, न चुकता.

२१ डिसेंबरची संध्याकाळ

हवामान खात्याने दोन दिवस आधीच बजावलं होतं. २१ डिसेंबर २०२२ ला दुपारी साधी थंडी होती. मग उत्तरेकडून वारा आला. डेन्व्हरच्या विमानतळावर तासाभरात तापमान ५ अंशांवरून उणे १५ वर आपटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे उणे ३१ ची नोंद झाली. १९९० नंतर तिथे इतकी थंडी पडली नव्हती.

आमच्याकडे गॅसचे दोन सिलिंडर होते, प्रत्येकी साडेतेरा किलोचे. आपल्या घरगुती सिलिंडरएवढेच म्हणा ना! फरक इतकाच, की आपल्याकडच्या गॅसमध्ये ब्युटेनही असतो आणि तो शून्याच्या आसपासच वायू व्हायला कुरकुर करतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. एरवी एक सिलिंडर चार-पाच दिवस जायचा. त्या थंडीत दीड दिवसात संपला.

रात्री नऊच्या सुमाराला पार्कची वीज गेली. फर्नेस गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. आमची बॅटरी नवी होती. पण दोन गाड्या सोडून एक आजोबा राहायचे. पंचाहत्तरीचे, एकटे, तीस वर्षांच्या जुन्या मोटरहोममध्ये. रात्री एका सुपरमार्केटमध्ये माल लावायची नोकरी. त्यांचा सिलिंडर काठोकाठ भरलेला होता, पण जुनी बॅटरी थंडीत बसली. पंखा नाही, तर फर्नेस नाही. गॅस असून नसल्यासारखा.

समोरच्या ट्रेलरमधली नर्स टॉर्च घेऊन दारोदार फिरत होती. तिनेच आम्हाला हाक मारली. आजोबा कोट घालून, दोन ब्लँकेटं लपेटून आत बसले होते आणि ‘मी ठीक आहे’ एवढंच म्हणत होते. तिने त्यांच्या बोटांची नखं बघितली आणि सरळ सांगितलं, ‘तुम्ही यांच्याकडे चला. आत्ता.’ आमच्या जेवणाच्या टेबलाचा रात्री पलंग होतो. त्यावर ते झोपले. म्हणजे झोपले नाहीतच. आलं घातलेला चहा पीत बसले.

बोलता बोलता त्यांनी विचारलं, ‘हिवाळा संपला की तुम्ही दोघं निघाल ना?’

प्रश्न साधाच होता. पण ‘निघणार का’ असं त्यांनी विचारलं नव्हतं. आम्हाला निघता येतं, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आणि ते खरंच होतं. वीज आली नसती तर आमच्या खिशात क्रेडिट कार्ड होतं, दहा मिनिटांवर हॉटेल होतं. त्यांना बायकोच्या आजारपणानंतर घर विकावं लागलं होतं आणि गावातल्या फ्लॅटचं भाडं त्यांच्या पेन्शनपेक्षा जास्त होतं.

वीज पहाटे आली. सकाळी त्यांच्या गाडीतले पाइप तीन ठिकाणी फुटलेले निघाले. जानेवारीच्या मध्यापर्यंत ते आमच्याकडून पाणी न्यायचे. आईच्या सांगण्यावरून भरलेल्या त्या दोन बालद्या त्यांच्याच कामाला आल्या.

कोण राहतं इथे?

‘नोमॅडलँड’ या सिनेमाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा या जगाची जरा चर्चा झाली. पण सगळे फर्न नसतात आणि सगळे इन्स्टाग्रामवालेही नसतात. आमच्या पार्कमध्ये तेरा आठवड्यांच्या करारावर आलेल्या नर्स होत्या, बांधकामावरचे वेल्डर होते, घटस्फोटानंतर मुलीला घेऊन आलेली एक शिक्षिका होती. आणि आमच्यासारखे, ‘करून तर बघू’ म्हणणारे. बाहेरून सगळ्यांचे ट्रेलर सारखेच दिसायचे. फरक उणे ३१ मध्ये कळायचा.

आम्ही दुसरा हिवाळाही काढला आणि २०२४ च्या मे महिन्यात फ्लॅटमध्ये आलो. आजोबा अजून तिथेच आहेत. त्या पहिल्या हिवाळ्यानंतरच पार्कमधल्या सात-आठ जणांनी मिळून त्यांना नवी बॅटरी घेऊन दिली. स्कर्टिंगचे बोर्ड आम्ही जाताना त्यांच्याकडे ठेवले. दर ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी जाऊन ते बसवून देतो. हे काम एकट्याने होत नाही.

थंडीत आरव्हीत राहायचंय?

• बरेच पार्क हिवाळ्यात पाणी तोडतात किंवा बंदच होतात. पाणी बारमाही आहे का, ते आधी विचारा.

• ‘फोर सीझन’ या स्टिकरवर जाऊ नका. टाक्यांपर्यंत गरम हवा पोचते का, ते वाकून बघा.

• लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, ती खराब होते. ती आतल्या उबदार जागेत ठेवा.

• कायम राहणार असाल तर विमा तसाच घ्या. सुट्टीतल्या वापराचा विमा आणि बऱ्याच वॉरंट्या इथे चालत नाहीत.

• गॅस अर्धा झाला की भरा. संपल्यावर नाही.

• शेजाऱ्यांची दारं पहिल्याच आठवड्यात वाजवा. कोणाकडे काय आहे आणि कोणाकडे काय नाही, ते वीज जाण्याआधी माहीत असलेलं बरं.