परवचा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की प्राथमिक शिक्षकाचं खरं वर्ष सुरू होतं, असं माझं मत आहे. पहिलं सत्र पटनोंदणी, पुस्तकवाटप आणि पावसातल्या गैरहजेरीत सरतं. सहामाहीनंतर कोणाचं घोडं कुठे अडलंय ते लख्ख दिसतं, आणि हाताशी अजून महिने असतात. त्या दिवसांत मी शाळा सुटण्यापूर्वी वर्गात परवचा घ्यायचे.

तो घरून आलेला. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की आजोबा आम्हा भावंडांना ओळीने बसवत. पाढे तीसपर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-मणाची मापं होती तोवर या पाढ्यांशिवाय दुकानाचं पान हलत नसे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-लिटर आले. ही बातमी आमच्या आजोबांपर्यंत बहुधा पोचलीच नव्हती. 'सतरा आठे छत्तीसासे' आम्ही ठेक्यात म्हणत असू आणि छत्तीसासे म्हणजे एकशे छत्तीस, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं.

पाठांतराची टर उडवायची हल्ली फॅशन आहे. मला ती पटत नाही. ज्याच्या जिभेवर पाढा आहे त्याचं डोकं उदाहरण समजून घ्यायला मोकळं राहतं. मात्र नुसत्या ठेक्यावर भागत नाही, हे बालाघाटच्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत कळलं. तिसरीतली एक मुलगी सातचा पाढा घडाघडा म्हणे. 'सात चोक किती?' विचारलं की पुन्हा सात एके सातपासून निघे. सात मुलांना चार-चार बोरं वाटायची तर किती लागतील, यावर ती गप्प. मग चिंचोक्यांचे ढीग मांडायचे, मोजायचे आणि त्यानंतर तीच ओळ म्हणायची.

त्या भागात वर्षाचा मध्य म्हणजे गळीत हंगामही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला कारखान्यांकडे निघतात. ट्रकमध्ये बोचक्यांबरोबर दुसरी-तिसरीतली पोरंही चढतात, धाकट्याला सांभाळायला. उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात तेव्हा हातचा घ्यायचा की नाही इथपासून सुरुवात. सरकारने गावोगावी हंगामी वसतिगृहं काढली. मूल आजी-आजोबांकडे राहावं, त्याच्या जेवणाची सोय व्हावी, हा हेतू. मुलं मागे राहिली की माझा परवचा संध्याकाळी आज्यांच्या ओट्यावर जायचा.

माझ्या अनेक विद्यार्थ्यांच्या आज्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्या विसांनी मोजत. शेळीच्या बाजारातले पैसे असोत की गोवऱ्या, 'दोन विसा न् पाच' म्हटलं की हिशेब पक्का. पोरं आधी हसली. मग मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले आणि आजी म्हणेल ती संख्या मांडायला लावली. एका विसाला दोन गठ्ठे. दोन विसा न् पाच म्हणजे चार गठ्ठे, पाच सुट्या. पंचेचाळीस ऐकून चोपन्न लिहिणारा एक मुलगा होता. उजव्या-डाव्याचं त्याला कितीदा सांगितलं होतं. गठ्ठे मांडायला लागल्यावर त्याचं त्यालाच दिसलं की चार कोणत्या घरात जातो.

म्हणून २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात तेवीसबरोबर 'वीस तीन' असं वाचन आलं आणि त्यावर विनोदांचा पाऊस पडला, तेव्हा मला ते हसणं शहरी वाटलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनं काढलेलं नाही, सोपी वाटही दिली आहे. जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलासमोर जे बसले आहेत, त्यांना यात भाषेचा अपमान दिसला नसता.

आता केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान आहे. तिसरी संपेपर्यंत वाचन आणि संख्याज्ञान पक्कं व्हावं, असं त्याचं उद्दिष्ट. चांगलंच आहे. पण अडचण कागदावर नसते, वेळापत्रकात असते. दुसरं सत्र लागलं की 'पोर्शन संपवा'चा धोशा सुरू होतो आणि तिसरीच्या पुस्तकातला भागाकार, वजाबाकी न येणाऱ्या मुलाच्या डोक्यावरून जातो.

निवृत्तीनंतर शेजारच्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: 'बाई, ट्यूशन लावू का?' मी म्हणते, आधी मूल नेमकं कुठे थांबलंय ते बघा. तिसरीतलं असेल तर पहिलीचं पुस्तक काढा, लाजू नका. पंधरा मिनिटं वाचून घ्या, पंधरा मिनिटं काड्या नाहीतर सुटे पैसे घेऊन बसा. तिथून वर या. बहुतेकांना हे फारच साधं वाटतं आणि ते ट्यूशन लावतात. काही जण मात्र काड्या कुठे मिळतील म्हणून विचारतात. त्यांना मी खराट्याच्या देते.