गडावर पाणी कुठलं?

दिवाळीच्या किल्ल्यासाठी गोणपाट भिजत घालायचं ते आदल्या रात्री. सकाळी विटा, दगडगोटे आणि फुटक्या कुंड्यांचा ढीग रचायचा, त्यावर ते ओलं, जड गोणपाट पांघरायचं आणि पातळ कालवलेली लाल माती वरून ओतायची. त्यानंतरचा थोडा वेळ सगळ्यात मोलाचा. बोटांनी चुण्या पाडल्या की कडे उभे राहत, अंगठा दाबला की घळ पडे. एकदा वाळलं की काही बदलता येत नसे. साताऱ्यात आमच्या वाड्याच्या परसात, चिंचेखाली, मी आणि माझा चुलतभाऊ, दादा, दरवर्षी हे करायचो. मान वर केली की अजिंक्यतारा दिसे, त्यामुळे कडा कसा असतो हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

आमच्या किल्ल्याचं नाव चिंचगड. इतरांचे किल्ले भाऊबीज झाली की मोडायचे, आमचा पावसाळ्यात विरघळेपर्यंत राहायचा, कारण त्यावर माणसं राहत होती. बाजारातून आणलेल्या मातीच्या चित्रांपैकी एका मावळ्याचा हात पिशवीतच तुटला होता. हात लढाईत गेला असणार, म्हणून तो किल्लेदार झाला. गवळण रोज पहाटे दूध घेऊन वर येई आणि तिला खालच्या सगळ्या बातम्या ठाऊक असत, म्हणून ती हेर. हे सारं आम्ही गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचो. मोडीसारखं दिसावं म्हणून अक्षरं एकमेकांना जोडायचो.

आजोबा भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. एका संध्याकाळी ते किल्ल्यापाशी येऊन उकिडवे बसले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "गडावर पाणी कुठलं?"

दादाने लगेच कारंजं सुरू केलं. माडीवर बादली, तिच्यातून खाली आलेली सलाईनची नळी, टोकाला सुई. "हे बघा की, आजोबा."

"बादली आपल्या माडीवर आहे. तुझ्या किल्लेदाराची माडी कुठाय?"

मग त्यांनी सांगितलं की डोंगरी गडावर मुख्य आधार पावसाच्या पाण्याचा. कातळ खोदून टाकी करायची, निघालेला दगड बांधकामाला वापरायचा, पाऊस त्या टाक्यांत साठवायचा आणि तो वर्षभर पुरवायचा. रायगडावरचा गंगासागर, राजगडावरचा पद्मावती तलाव ही नावं मी पहिल्यांदा त्या संध्याकाळी ऐकली. रामचंद्रपंत अमात्यांनीसुद्धा आज्ञापत्रात आधी पाणी पाहा, मग किल्ला बांधा असंच बजावलं आहे, हे मी पुढे मोठेपणी वाचलं.

आम्ही पत्र्याची डबी पुरून टाकं केलं. पण प्रश्न तिथे संपला नाही, उलट तिथूनच सुरू झाला. एवढ्याशा टाक्यात चैत्रापर्यंत पाणी किती उरणार? मग उन्हाळ्यात निम्मी शिबंदी खाली पाठवावी लागणार. गड निम्मा रिकामा आहे हे शत्रूला कळलं तर? म्हणून रात्री सगळ्या बुरुजांवर मशाली पेटवायच्या, आणि गवळणीने रिकाम्या घागरी भरलेल्या असल्यासारख्या डोक्यावर घेऊन मुद्दाम सावकाश चढायचं. चिंचगडाची आमची सगळ्यात चांगली गोष्ट ती होती. ती आम्हाला सुचली ती पाणी कमी होतं म्हणून.

लहानपणच्या कल्पनाशक्तीबद्दल बोलताना माणसं तिच्या भरारीचं कौतुक करतात, तिला बंधन नको म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या खेळात बंधनंच बंधनं होती आणि ती आम्ही जिवापाड पाळायचो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ साली खेळावर एक व्याख्यान दिलं. काल्पनिक प्रसंग आला की त्याच्या पोटात नियम आलाच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दिलेलं उदाहरण मला फार आवडतं. दोन सख्ख्या बहिणी 'बहिणी-बहिणी' खेळतात. एरवी त्या बहिणी म्हणून नुसत्या राहत असतात. खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं याचा दोघी कसून विचार करतात. चिंचगडावर आमचं हेच चाललं होतं.

असे खेळ वयाबरोबर सुटतातच असंही नाही. इंग्लंडमध्ये हॉवर्थ गावी १८२६ साली ब्राँटे भावंडांच्या वडिलांनी मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. मुलांनी ते वाटून घेतले, त्यांना नावं दिली, त्यांची राज्यं उभी केली आणि त्या शिपायांना वाचता येतील एवढ्या चिमुकल्या पुस्तकांत त्यांचा इतिहास लिहिला. पुढे एमिली आणि ॲन यांनी गोंडल नावाचं आपलं वेगळं राज्य काढलं. १८४५ साली दोघी यॉर्कला सहलीला गेल्या तेव्हा वाटेत त्या गोंडलमधली माणसं होऊन खेळत होत्या. एमिली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दोनच वर्षांनी तिची 'वदरिंग हाइट्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण मीही खेळ थांबवलेला नव्हता.

मी बालनाट्यांचं नेपथ्य करते. सगळा संच एका टेम्पोत मावला पाहिजे आणि दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात लागला पाहिजे. तेव्हा नदी म्हणजे निळं कापड, डोंगर म्हणजे दोन लेव्हल आणि त्यांच्यावर टाकलेलं गोणपाट. मुलं हे विनातक्रार मान्य करतात. पण एकदा नदी म्हटली की ती नदीच राहायला हवी. एका प्रयोगात प्रधानाचं काम करणारा नट घाईत कापडावरून सरळ चालत निघाला आणि पुढच्या रांगांतून ओरडा झाला, "अहो, पाणी आहे!" नट गुणी. तो जागीच थांबला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, जोडे हातात घेतले आणि चाचपडत, दमादमाने पलीकडे गेला. काठावर पोचून त्याने पाय झटकले तेव्हा टाळ्या पडल्या. पुढच्या सगळ्या प्रयोगांत आम्ही ते ठेवलं, आणि मी नदी दीड हाताने रुंद केली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलांची शिबिरं घेते. पुठ्ठा, चिंध्या, डिंक एवढंच साहित्य असतं. गेल्या खेपेला एका मुलीने देवमाशाच्या पाठीवर शहर वसवलं. काड्यापेट्यांची घरं, सुतळीचे रस्ते, शेपटीपाशी शाळा. मी शेजारी बसले आणि विचारलं, "इथला कचरा कुठे जातो?"

तिने माझ्याकडे पाहिलं, शहराकडे पाहिलं आणि उद्या सांगते म्हणाली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. समुद्रात टाकायचा नाही, कारण देवमासा तो गिळेल आणि आजारी पडेल. रोज संध्याकाळी बगळे येतात आणि कचरा किनाऱ्यावर नेतात. त्याबद्दल बगळ्यांना काय मिळतं, तेही मी विचारायच्या आत तिने सांगितलं. शाळेच्या मागे रात्री झोपायला जागा. मग त्या जागेला छप्पर हवं की नको, यावर आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलत होतो.