डॉन चेरी: मध्यंतराचा मानकरी

आइस हॉकीच्या प्रक्षेपणात मध्यंतर ही प्रेक्षकाने उठून जाण्याची वेळ. कॅनडात मात्र डॉन चेरी यांना ऐकण्यासाठी लोक नेमके पहिल्या मध्यंतरात दूरचित्रवाणीसमोर येत. १९३४ साली किंग्स्टनमध्ये जन्मलेले चेरी नॅशनल हॉकी लीगमध्ये एकच सामना खेळले. १९७४ ते १९७९ या काळात ते बॉस्टन ब्रुइन्स संघाचे प्रशिक्षक होते. पुढे ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या कार्यक्रमातील ‘कोचेस कॉर्नर’ या सदराने ते घराघरात पोहोचले.

भडक रंगांचे कोट, उंच ताठ कॉलर आणि चढ्या आवाजातली ठाम मते ही त्यांची ओळख. धसमुसळा, निधड्या छातीचा खेळ त्यांना प्रिय. रिंकवरच्या मारामारीचेही ते समर्थन करीत. शेजारी बसलेले सूत्रसंचालक रॉन मॅक्लीन त्यांना मधेच अडवत, चिमटे काढत. या जुगलबंदीतच खरी करमणूक होती. मत पटो वा न पटो, पुढचे वाक्य कोणते येईल याची उत्सुकता टिकून राही.

हाच बेधडकपणा अखेर अंगाशी आला. स्थलांतरितांविषयीच्या विधानामुळे नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांना कार्यक्रमातून काढण्यात आले. स्पष्टवक्तेपणा खेळापुरता असतो तोवर आनंद देतो. तो एखाद्या समूहाला तुच्छ लेखू लागला की त्यातली रंगत संपते.