पुढच्या वस्तीवर विचारा

लग्नाच्या पत्रिका वाटायला अण्णा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. जतच्या पूर्वेला, संख-उमदीकडं, रानातल्या वस्त्या लांब लांब पसरलेल्या. पाहुण्याच्या घराची सगळी वाट एकटं कुणीच सांगायचं नाही. सांगायचे ते फक्त पुढचं ठिकाण. "वड्याच्या पल्याड चिंच दिसती, तिथं इचारा." चिंचेखालची म्हातारी कानडीत म्हणायची, "मुंदक होग्री," म्हणजे पुढं जा. असं विचारत विचारत आम्ही बरोबर पोचायचो.

इंजिनिअरिंगला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना मी पॉइंटरपाशी अडले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकावरून चौकोन आणि बाण वहीत उतरवले, तरी प्रोग्रॅम कोसळायचा. घर आणि घराचा पत्ता मी एकच समजत होते. समजा मेमरीत 25 ठेवलेत, तर पॉइंटरात 25 नसतात; ते 25 कुठं ठेवलेत, तो आकडा असतो. डोक्यात उजेड पडला तो लिंक्ड लिस्टपाशी. प्रत्येक नोडकडं स्वतःची माहिती आणि पुढच्याचा पत्ता, एवढंच. मेमरीत ते कुठंही विखुरलेले असोत. शेवटच्याकडं नल, म्हणजे इथून पुढं वस्ती नाही. त्या रात्री अण्णांची सायकल आठवली आणि झोप लागली नाही.

मधे नवा नोड घालायचा तर आधी नव्याला पुढच्याचा पत्ता द्यायचा, मगच मागच्याला नव्याचा. उलट केलं की पुढच्या सगळ्या वस्त्या जागेवर असूनही कुणाला सापडत नाहीत. आता मी शिकवते. या दोन ओळी फळ्यावर लिहिताना अजूनही हात सावकाश चालतो.

डेनिस रिची बेल लॅब्जमध्ये सी घडवत होते ते 1972 साल. त्याच वर्षी 15 ऑगस्टला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला पिनकोड देशात सुरू झाला. जतचा 416404. आमच्याकडं मात्र ते साल दुष्काळाचं म्हणूनच सांगतात.

काम संपलं की मेमरीतली जागा फ्री करतात, म्हणजे परत देतात; तिचा आकडा मात्र पॉइंटरात तसाच राहतो. त्याच्या भरवशावर गेलं की फसगत. परवा भाच्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन त्याच वाटेनं गेले. चिंचेपाशी सांगितलं, "हायती की, तिथंच." दाराला कुलूप होतं. सगळी ऊसतोडीला गेलेली. मेमरीतली जागा एव्हाना दुसऱ्या कुणाला दिली गेली असती. इथं चूल सारवून ठेवलेली होती, उंबऱ्याशी पालथी घागर. पत्रिकेला हळदकुंकू लावलं आणि कडीत अडकवली.