समासातील नोंदी

अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) समाजकार्याचे शिक्षण घेताना क्षेत्रकार्यासाठी आमची नेमणूक एका रुग्णालयाच्या बालविभागात झाली. खाटेपाशी बसायचे, आईवडिलांशी बोलायचे, अर्ज भरायचा. व्यवसायाच्या रकान्यापाशी पाथर्डीकडची एक आई म्हणाली, "आमचा एक कोयता."

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती या जोडीला. मूल दवाखान्यात पडले की आई खाटेशी अडकते, कोयता थांबतो, उचल मात्र अंगावर राहते. म्हणून ती रोज विचारी, "घरी कधी सोडणार?" आणि नोंदवहीत उतरे : 'उपचारांबाबत उतावीळ'. हे विशेषण कोणाच्या जागेवरून लिहिलेले आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

समुपदेशनाची तंत्रे हवीतच. पण त्याआधी प्रशिक्षणार्थ्याला उचल, मुकादम, टोळी हे शब्द यावेत, असे आमचे मत आहे. दिवाळीच्या सुमारास सुरू होणाऱ्या हंगामात दाखल झालेले मूल आणि पावसाळ्यात दाखल झालेले मूल, आजार एकच असला तरी, घरच्यांच्या दृष्टीने सारखे नसते. किती उचल फिटायची आहे हे विचारल्यावाचून त्या आईला धीर देणे आम्हांस पोकळ वाटू लागले. अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. आम्ही समासात लिहीत गेलो.