२०५ व्होल्टचा घोळ

किनाऱ्याला ओढलेल्या बोटीवरचा इन्व्हर्टर टक-टक करायला लागला की वायरमनला पहिला संशय येतो तो इन्व्हर्टरचाच. मलाही आला, आणि त्यापायी एका भल्या माणसाचं धडधाकट मशीन मी दुरुस्तीला पाठवलं.

म्हसळ्यात मी वायरिंगची कामं करतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं, विजेचे खांब आडवे झाले आणि आमच्याकडची कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढे जो-तो इन्व्हर्टर मागू लागला. घरची कामं करून हात बसला होता, म्हणून खाडीवरच्या एका चाचांनी त्यांच्या बोटीसाठी बोलावलं तेव्हा फार विचार न करता मी हो म्हटलं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर घेऊन शाकारलेल्या असतात, पण बॅटऱ्या भरलेल्याच ठेवाव्या लागतात. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ऐन ऑगस्टात इंजिन सेल्फ घेत नाही. बोटीतलं मशीन दुहेरी कामाचं होतं: समुद्रात २४ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून २३० व्होल्ट करायचं आणि किनाऱ्यावर वीज मिळाली की त्याच बॅटऱ्या चार्ज करायच्या. ही वीज रस्त्यापलीकडच्या चाचांच्या घरातून यायची. घरच्या वायरिंगमधून उरलेली एक चौरस मिलिमीटरची तार, नव्वद मीटरचं अख्खं भेंडोळं, कुंपणावरून आणि चिखलातून बोटीपर्यंत नेलेलं. ती मीच ओढली होती.

मेन चालू केली की चार्जिंगचा दिवा लागायचा. चार-पाच सेकंदांत टक्. दिवा गेला. थोडं थांबून पुन्हा टक्, दिवा आला. मी बोटीवरचा प्लग काढून त्यात मीटर घातला. २०५ व्होल्ट. आमच्याकडे पावसाळ्यात २०५ म्हणजे तक्रार करण्यासारखं काही नाही. मशीनची खालची मर्यादा १८०. लाईन ठीक, म्हणजे आतली रिले गेली, असा निकाल मी चाचांना देऊन टाकला. त्यांनी एवढंच विचारलं, “तार नीट बघितलीस ना रे?” मी म्हटलं, “चाचा, मीटरच सांगतोय.”

मीटर बरोबरच सांगत होता, पण प्लग काढल्यावरचं. तारेतून करंट वाहत नसताना तार कितीही बारीक असो, टोकाला व्होल्टेज पूर्णच दिसणार. हिशेब साधा आहे. फेज आणि न्यूट्रल मिळून १८० मीटर तांबं, त्याचा रोध सव्वातीन ओहमच्या आसपास. चार्जर सहा अँपिअर ओढायला लागला की वीसएक व्होल्ट वाटेतच जातात. शिवाय मध्ये एक जोड होता, पीळ मारून टेप गुंडाळलेला. मशीन परत आलं, सोबत ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी. मग शरमून का होईना, चार्जर चालू ठेवून त्याच्या टर्मिनलवर मीटर लावला. २०५ वरून आकडा सरळ १७६ वर घसरला, रिले सुटली, आकडा पुन्हा वर. टक-टक ती हीच. मशीन स्वतःला वाचवत होतं आणि मी त्यालाच आजारी ठरवलं होतं.

इथं तरी तार बदलायची. पण पाऊस धो-धो, तांब्याचा भाव चढा, चाचांकडे तोंड वर करून मागायची लाज. मागच्या बाजूला एक बटण होतं, घरच्या इन्व्हर्टरला असतं तसंच. ते ‘वाइड’वर टाकलं की मशीन शंभर व्होल्टपर्यंत सहन करतं. टाकलं. आवाज बंद, दिवा स्थिर, चाचा खूश. दुसऱ्या बोटीवाल्याने सल्ला दिला म्हणून स्टॅबिलायझरही जोडला. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही हे शिकलेलं होतं, तरी केलं. १७६ चे २३० करायचे तर तो मागून सव्वापट-दीडपट करंट ओढणार, तारेतली घट आणखी वाढणार.

त्या जोडाचा रोध एक ओहम धरला तर सहा अँपिअरला तिथे ३६ वॅट उष्णता होते. माझ्या पिशवीतला सोल्डरिंग आयर्न ३५ वॅटचा आहे. एका संध्याकाळी जळक्या प्लास्टिकचा वास आला म्हणून खलाशी धावला. टेप वितळून तांबं उघडं पडलं होतं आणि तो अनवाणी, ओल्या चिखलात, हातभर अंतरावर उभा. लाईनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाईन तोडणारा स्विच, नव्हता. त्याला काही झालं नाही, यात माझं कर्तृत्व शून्य.

मग जे आधी करायचं ते केलं. चार चौरस मिलिमीटरची अखंड तीन कोअर केबल, अर्थसकट. घराच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. बोटीपाशी पाणी न शिरणारा सॉकेट. चार्जिंग करंट एक पायरी खाली, बटण पुन्हा मूळ जागी. स्टॅबिलायझर काढून टाकला. आता लोडवर घट पाच व्होल्टच्या आत राहते. केबलचे पैसे मी घेतले नाहीत, मशीनच्या जाण्या-येण्याचा खर्चही भरून दिला.

बोट बंदीत किनाऱ्याला असेल आणि चार्जर असा टकटकत असेल तर वायरमनला दोन गोष्टी करायला लावा. मीटर चार्जर चालू असताना, चार्जरच्याच टर्मिनलवर लावायचा. आणि मधल्या प्रत्येक जोडाजवळ हाताची मागची बाजू न टेकवता नुसती धरून बघायची. ऊब लागली तर आधी मेन बंद करा, बोलणं नंतर.